रिकाम्या स्टेडियममधली हाक

प्रिय दादा,

जय भीम.

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तू जन्मभर दिल्लीतच राहिलास आणि मीही. मुनिरकाच्या तुझ्या खोलीतून ऑटो पकडलीस की चहा उकळेपर्यंत आपल्या क्वार्टरवर पोचायचास, मग पत्र कशाला लिहायचं? पण काल शनिवारी दुपारी जे झालं ते कुणाला सांगावं हेच मला कळेना. ऑफिसातल्या बायकांना सांगायचं तर तू कोण, आई कोण, स्टेडियमचा आणि आपल्या चहाचा काय संबंध, इथपासून सुरुवात करावी लागेल. तेवढं त्राण आता राहिलेलं नाही रे.

म्हणून आज दुपारी लिहायला बसलेय. आई जेवून झोपली आहे. घरभर खोकी आहेत आणि मी त्यांतल्याच एका खोक्यावर कागद ठेवलाय, कारण टेबल कालच पाय काढून बांधून टाकलं. बाबांच्या निवृत्तीनंतर माझ्या नावावर झालेलं हे क्वार्टर महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचंय. वसाहत पाडून इथे टॉवर उभे राहणार, हे तुला ठाऊक होतंच. नोएडातला माझा फ्लॅट तयार आहे. पंखे लागले, गॅस आला, बाल्कनीला कबुतरांची जाळी लावायला माणूससुद्धा सांगून ठेवला. तयार नव्हती ती एकटी आई.

"आईला मी पटवतो, यार. तू फक्त सामान बांध." हे तुझेच शब्द ना? सामान बांधून होत आलं दादा. पटवायचं तेवढं राहिलं आणि तू दोन दिवस दवाखान्यात पडून, छातीला हात लावून, निघून गेलास. ज्याच्या वाट्याचं काम शिल्लक आहे त्यानेच असं उठून जायचं असतं का?

सव्वा वर्ष मी एकटीच तिच्याशी बोलतेय. समजावते, चिडते, पुन्हा समजावते. तिचं एकच उत्तर, "तिथून स्टेडियम दिसत नाही." मी म्हणायचे, आई, तिथून बाग दिसते. ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेय.

आपल्या मागचं हे स्टेडियम बांधत होते तेव्हा आपण शाळेत होतो. एशियाडच्या आधीची ती धूळ आठवते? आई दोरीवरचे कपडे झटकून झटकून दमायची. बाबा भंडाऱ्याहून सरकारी खात्यात कारकून म्हणून आलेले, त्यामुळे सरकारी कामाबद्दल त्यांचं स्वतःचं मत होतं. "हे काही वेळेत होत नाही," असं ते रोज गच्चीवरून जाहीर करायचे. वेळेत झालं तेव्हा जरा नाराजच झाले.

मग तू कॉलेजात असताना तो परदेशी गायकांचा मोठा कार्यक्रम आला. दिल्लीने तोवर असं काही पाहिलं नव्हतं. पास मिळवायला वरपर्यंत ओळख लागायची आणि आपली ओळख पोस्टमनच्या पुढे गेलेली नव्हती. पण गच्ची तर आपलीच होती. सकाळपासून सगळ्या वसाहतीने गच्च्यांवर खुर्च्या नेऊन ठेवल्या. बाबांनीसुद्धा नेली, आणि वर म्हणाले, मी फक्त हवा खायला बसणार आहे.

दुपारी आपण दोघं वर होतो तेव्हा अचानक गिटार वाजली. इतकी स्वच्छ, की कुणीतरी आपल्या टाकीमागेच बसलंय असं वाटलं. एक माणूस खोकला तेही ऐकू आलं. अर्धं गाणं झालं, थांबलं, पुन्हा पहिल्यापासून. हा साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, हे आपल्याला मागाहून कळलं. आपल्याला वाटलं दुपारी असं आहे तर संध्याकाळी काय असेल! आणि संध्याकाळी काय? नुसता घुमारा आणि माणसांची गाज. शब्द नाही, सूर नाही. सगळी वसाहत हिरमुसून खुर्च्या उचलून खाली गेली. बाबा म्हणाले, हवा मात्र चांगली होती.

तू एकटाच खूश होतास. मला म्हणालास, "माणसं आवाज पितात, कुंदा. रिकामं स्टेडियम बोलतं. भरलं की गिळतं." तुझी समजूत चूक होती की बरोबर, मला आजही माहीत नाही. पण तेव्हापासून आपल्या घरात दुपारचा तो आपला शो झाला आणि संध्याकाळचा लोकांचा. आपण एवढे मोठमोठे गायक ऐकले दादा, पण एकाचंही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. मला अजून काही गाणी अर्ध्यावर तोडून, पुन्हा पहिल्या ओळीवर येऊनच म्हणता येतात.

त्या दुपारीच तू बिघडलास, असं बाबा म्हणायचे. ते तुला स्पर्धा परीक्षेला बसवू पाहत होते आणि तू चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचे भोंगे खांद्यावर वाहत होतास. पुढे दिल्लीतल्या महाराष्ट्राच्या अतिथीगृहात मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, त्याचा माइक तू लावलास. बाबांचे साहेब बोलायला उभे राहिले आणि माइक असा किंचाळला की त्यांच्या हातातला हार खाली पडला. बाबांनी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला. आणि तू? तू त्या आठवड्यात माइक का किंचाळतो तेवढंच शिकून घेतलंस.

मग हरमीतभाई भेटले. त्यांची व्हॅन आणि तुझे कान, एवढ्या भांडवलावर तुम्ही धंदा उभा केलात. मुनिरकाच्या त्या अंधाऱ्या खोलीत अर्ध्या जागेत स्पीकर आणि उरलेल्या जागेत तू. वरच्या मजल्यावरची विद्यार्थी पोरं अभ्यास सोडून तुझ्याकडे गाणी ऐकायला यायची. स्पीकरला ओरखडे पडू नयेत म्हणून ते गुंडाळायला जाड ब्लँकेटं तुम्ही पानिपतहून आणलीत. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा तुझ्या धंद्याबद्दल बरं बोलले. "मराठी माणूस पानिपतला जाऊन काहीतरी घेऊन परत आला, हेच पुष्कळ झालं."

आणि मग ती दुपार. स्टेडियममध्ये तुम्हाला पहिल्यांदा काम मिळालं होतं, तेही केबल गुंडाळायचं आणि खुर्च्यांखालून ओढायचं. मुख्य साउंडवाला कुठेतरी अडकला आणि तुझ्या हातात माइक आला. लोक हेलो हेलो म्हणतात, आकडे मोजतात. तू काय म्हणालास?

"आई, चहा ठेव."

मी गच्चीवर होते. आई खाली स्वयंपाकघरात होती. तुझा आवाज सगळ्या वसाहतीवरून गेला, पार रेल्वेलाइनपर्यंत. आई पदर सावरत जिन्यात आली आणि तिथेच उभी राहिली. बाबा बनियनवर बाहेर आले. म्हणाले, "झालं. आता सगळ्या दिल्लीला कळलं, आपल्याकडे चहा होतो." पण बोलताना त्यांचा चेहरा कसा होता ते तू पाहायला हवं होतंस. आईने चहा ठेवला. साउंडचेक संपल्यावर फाटकं उघडायच्या आधी तुला थोडा वेळ मिळाला, तू मागच्या गेटने पळत आलास, उभ्या उभ्या चहा प्यायलास आणि गेलास.

तिथून ते सुरूच झालं. तुला कुणी विचारलं तर तू सांगायचास, या वाक्यात सगळे आवाज येतात, 'ठ' म्हटला की स्पीकरची नियत कळते. खरं काय ते आपल्याला माहीत होतं. तुझ्या कामात शो सुरू झाल्यावर कुणाकडे बघायला फुरसत नसायची. स्टेजकडेही तू बघायचा नाहीस, खाली मान घालून बटणं. दुपारची ती हाक तेवढी तुझी होती.

किती शो झाले रे मग. सिनेमातल्या गाण्यांच्या रात्री, ज्यात स्टेज मैदानाच्या एका टोकाला बांधायचे आणि दुसऱ्या टोकाच्या लोकांना नुसतं कपाळ दिसायचं. गिटार घेऊन एकटाच उभा राहणारा तो परदेशी गायक, ज्याच्यासाठी आमच्या ऑफिसातल्या पोरींनी एकाच दिवशी आजारपणाची रजा टाकली होती. पावसात बंद पडलेला तो एक शो, तेव्हा तुम्ही पानिपतची ब्लँकेटं स्पीकरवर टाकून स्वतः भिजत बसलात. मधली ती कोरडी वर्षं, जेव्हा परवानग्या मिळेनात आणि सगळे कार्यक्रम गुडगावच्या मैदानांवर गेले. त्या वर्षांत तू लग्नाच्या वराती केल्यास, आणि आई म्हणायची, याची स्वतःची वरात तेवढी राहिली.

तो उंच, गोरा इंजिनिअर आठवतो ना? त्याने तुला विचारलं, हे तू दर वेळी काय म्हणतोस? तू चेहरा गंभीर ठेवून सांगितलंस, आमच्याकडचं खास टेस्टिंगचं वाक्य आहे. त्याचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वसाहतीने ऐकलं, "आयी, चाहा टेव." आई म्हणाली, "आज कुणी तरी वाढीव आहे," आणि एक कप पाणी जास्त घातलं. तो खरंच तुझ्याबरोबर आला. आपल्या त्या बुटक्या स्टुलावर गुडघे कानापर्यंत घेऊन बसला आणि दोन कप प्यायला. तो गेल्यावर आईने विचारलं, "त्याच्या घरी आई आहे की नाही रे?"

मग पुढच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय खेळांसाठी स्टेडियम पुन्हा नव्याने बांधलं आणि वर ते पांढरं छप्पर आलं. तुला ते कधी आवडलं नाही. दर वेळी चहा पिताना तीच तक्रार. "छपराने वाट लावली. सगळा आवाज आतल्या आत फिरतो. इथे तुम्हाला काय ऐकू येणार?" मी म्हणायचे, येतो रे, थोडा घुमतो एवढंच. आई कप भरत राहायची.

गेल्या काही वर्षांचे शो तर तुझ्याही आवाक्याबाहेर चालले होते. स्पीकर आता जमिनीवर ठेवत नाहीत, द्राक्षांच्या घडासारखे वर टांगतात, आणि टेस्टिंग लॅपटॉप करतो, हे तूच मला समजावलं होतंस. पंजाबी गायकांच्या शोला सगळं स्टेडियम मोबाइलच्या दिव्यांनी भरायचं आणि आपल्या मागच्या बाल्कनीचा पडदाही उजळायचा. माणसाच्या आवाजाची तिथे कुणाला गरज उरली नव्हती. तरी तू माइक मागून घ्यायचास. पोरं हसायची का तुला? हसत असतील. तू सांगितलं नाहीस कधी.

आणि आई? आई चहा ठेवायची. कधी चुकली नाही. उलट अलीकडे शो नसतानाही कधीमधी दुपारी उठून ठेवायची. मी ऑफिसातून फोनवर तुला सांगायचे, आज पुन्हा उगाच चहा केला तिने, वय झालं आता. आपण हसायचो. तू म्हणायचास, "चल, मी येतोच. वाया नको जायला."

तू गेल्यावर आलेल्या हिवाळ्यात इथे कार्यक्रम झाले, पण तेव्हा मी तिला मुद्दाम नागपूरला मावशीकडे घेऊन गेले होते. दुपारी माइक सुरू होईल आणि तुझा आवाज येणार नाही, हे तिने ऐकू नये म्हणून. या वर्षी ते जमलं नाही. रजा सगळी सामान बांधण्यात गेली.

हरमीतभाईंचा फोन गुरुवारी आला. हल्ली ते हळू बोलतात. "दीदी, शनिवार को अपने स्टेडियम में साउंडचेक है।" मी म्हटलं, अच्छा. मग म्हणाले, "प्रकाश की आवाज़ है मेरे पास। एक बार टेस्टिंग के टाइम रेकॉर्ड हो गई थी। वही, चाय वाली। आप कहो तो माताजी के लिए एक बार चला दूँ?"

दादा, तू असतास तर काय म्हणाला असतास? मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. आई एकदा ऐकेल, पोटभर रडेल, मग कदाचित उठेल या घरातून. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, ऐकलं तर ती इथून कधीच हलणार नाही, पाडणाऱ्यांची गाडी आली तरी बाल्कनीत बसून राहील. शेवटी मी नको म्हणाले. म्हटलं, माताजी सह नहीं पाएँगी. खरं तर मलाच ते झेपलं नसतं. ते म्हणाले, "ठीक है दीदी। रखी हुई है, जब चाहो।"

मी आईला काही सांगितलं नाही. पण रस्ते बंद असल्याची नोटीस वसाहतीच्या फाटकावर लागली होती आणि ती तिने वाचली असणार, कारण काल सकाळी तिने केस धुतले, ती तुझ्या आवडीची जांभळ्या काठाची साडी खोक्यातून उपसून काढली आणि जेवण झाल्याबरोबर मागच्या बाल्कनीत जाऊन बसली. मी भांडी कागदात गुंडाळायचं सोडून तिच्यामागे दारात उभी राहिले.

आधी घूं असा बारीक आवाज झाला. मग कुणा मुलाचा आवाज आला, "हेलो, हेलो, चेक." जरा थांबून पुन्हा आला. मी आईच्या खांद्यांकडे बघत होते. आता हलतील, आता ती तोंडाला पदर लावेल. काहीच नाही. ती आपली छपराकडे बघत बसलेली. तो मुलगा पुन्हा बोलला, मोठ्याने, गल्लीतला कुत्रासुद्धा भुंकला. आई तशीच.

मग ड्रम वाजला. एकच ठोका, खिडकीची काच थरथरेल असा. आणि त्या पांढऱ्या छपराच्या कडेला बसलेली सगळीच्या सगळी कबुतरं एकदम उडाली. आई भिंतीला धरून उठली, माझ्या बाजूने आत गेली आणि गॅसवर पातेलं ठेवलं.

"आलं कुठल्या खोक्यात टाकलंस?" तिने विचारलं.

मी तिच्या पाठीमागे होते. म्हटलं, "आई, तुला तो मुलगा बोललेला ऐकू आला का?" ती खोक्यात हात घालून आलं शोधत राहिली. मी पुढे जाऊन तिच्या समोर उभी राहिले आणि पुन्हा विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दादा, ती लहान पोरीसारखी ओशाळली.

"नाही आला," म्हणाली. "ते छप्पर झालं ना, त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत माझं गेलं ते. तुझ्या दादाचा तिथला आवाज मला कधीचा ऐकू येत नव्हता, बाई. कबुतरं उडाली की कळायचं, आता तो बोलला."

ती सांगत गेली. सुरुवातीला तिला वाटलं, छपरामुळेच. तूच म्हणायचास ना, छपराने आवाज अडवला, इथे तुम्हाला काय ऐकू येणार? तिला वाटलं, कुणालाच येत नसेल. मग एकदा खालच्या गुप्ताजींची बायको जिन्यात म्हणाली, आज आपके बेटे की आवाज़ कितनी साफ़ आई. "तेव्हा कळलं," आई म्हणाली, "छप्पर माझ्याच कानांवर पडलंय."

"मग सांगितलं का नाहीस? मला नाही तर नाही. त्याला?"

"काय सांगू त्याला? एवढं काम सोडून, एवढ्या मोठ्या स्टेडियममधून तो मला हाक मारायचा. त्याला म्हणू, बाळा, पोचत नाही?"

मी तिथेच फरशीवर बसले. मला आधी हसू आलं दादा, खरंच. सव्वा वर्ष मी या बाईशी भांडतेय, बाग काय, लिफ्ट काय, चोवीस तास पाणी काय, आणि यातलं निम्मं तिच्यापर्यंत गेलेलंच नव्हतं. मी ऑफिसात हळू बोलून बोलून घरीही हळूच बोलते, तेही तिच्या पाठीमागून, काम करता करता. मग तेच हसू कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही. तिने गॅस बारीक केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. "भांडतेस ते कळायचं मला," म्हणाली. "तोंडावरून."

आणि मग तिने खरं कारण सांगितलं. स्टेडियम हे एक झालं. पण या घरात तिला सगळं दिसतं. दूधवाला आला की जिन्यातली सावली हलते. कुणी दार वाजवलं की सैल झालेली कडी थरथरते. मी ऑफिसातून आले की समोरचा कुत्रा उठून बसतो. "तिथे अकराव्या मजल्यावर मला काय समजणार? तू बाहेर बेल वाजवत उभी राहशील आणि मी आत बसलेली. मग तू म्हणशील, म्हातारी कामातून गेली. इथे निदान कुणाला कळत नव्हतं."

तू आवाजाचा माणूस. मैदानाच्या मध्ये उभं राहून तुला कळायचं कुठल्या टोकाची केबल फाटली आहे. मग आपल्या आईला ऐकू येत नाही, हे इतकी वर्षं कसं कळलं नाही रे तुला? मी काल संध्याकाळभर तुझ्यावर मनातून चिडले होते. मग आठवलं. तू घरात शिरायचास तोच ओरडत. दिवसभर त्या गदारोळात राहून तुला हळू बोलताच येत नव्हतं. आईचे दोन्ही खांदे धरून, तोंडासमोर तोंड नेऊन तू बोलायचास, आणि बाबा होते तोवर म्हणायचे, अरे, ती काय गावाला गेली आहे का? तुझं तिला सगळं ऐकू यायचं. त्यामुळे तुला कळायचं कारणच नव्हतं. कळायला हवं होतं ते मला.

चहा झाला. तिने सवयीने तीन कप मांडले होते. तिसऱ्याकडे आम्ही दोघींनी बघितलं. मग तिने तो उचलला आणि थोडा माझ्या कपात, थोडा तिच्या कपात ओतला. बाहेर ड्रम चालूच होता. कबुतरं परत येऊन बसली, पुन्हा उडाली, शेवटी त्यांनाही कंटाळा आला असेल, बसूनच राहिली.

"जाऊ या नोएडाला," आई कप धुताना म्हणाली. "पण बेल मला दिसेल अशी लाव." मी तिच्या समोर जाऊन, मोठ्याने सांगितलं की दिवा लागणारी बेल बाजारात मिळते. ती म्हणाली, "काहून ओरडतेस गं? समोर तर उभी आहेस."

तर असं झालं, दादा. तुझ्या वाट्याचं काम कबुतरांनी केलं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटतंयही. पण त्याहून जास्त थकवा आलाय, पुष्कळ दिवस दाबून धरलेला. आज सकाळपासून मी एकही खोकं बांधलेलं नाही. काल संध्याकाळी लोकांचा शो झाला, गाज आली, पडदा उजळला, आणि आई त्याकडे पाठ करून शांत झोपली होती.

आता तुला शब्द देते. जाळीवाल्याला मी सकाळीच फोन करून नको सांगितलं. कबुतरं घाण करतील, करू देत, मी धुवीन. सोमवारी आईला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. ती नको म्हणतेय, तरी नेणार आहे. आणि हरमीतभाईंना म्हटलंय, ती रेकॉर्डिंग मला पाठवा.

नव्या घरी, आईच्या कानाला मशीन लागेल तेव्हा मी आधी काही बोलणार नाही. टीव्ही लावणार नाही, भांडं वाजवणार नाही. तिला खिडकीशी बसवीन आणि तिने सगळ्यात आधी तुला ऐकायचं, एवढं मी बघीन. तू तेच म्हणशील, जे इतकी वर्षं तिच्यापर्यंत पोचलं नाही. आणि त्या दिवशी तिने उठायचं नाही. चहा मी ठेवीन.

तुझी धाकटी,
कुंदा